मंडळाचा फोटो

ओढा साफ करायला अनुदान मिळावं म्हणून निवृत्त नर्सबाईंनी वर्षानुवर्षं दारोदार चपला झिजवल्या. सुरुवातीला त्यासाठी काढलेलं त्यांचं मंडळ माणसांनी भरलेलं होतं. मग शिंपीकाका वारले, जाऊबाई लेकीकडे राहायला गेल्या, उरलेले "यातून काही निघायचं नाही" म्हणत पांगले. एके सकाळी फोन आला. "अभिनंदन, अनुदान मंजूर झालंय. तुमच्या मंडळाचा फोटो तेवढा पाठवा." बाईंनी आनंदानं मागे वळून बघितलं, पण घरात सांगायला कुणीच नव्हतं. मंडळाचा कापडी फलक घेऊन त्या ओढ्यावर गेल्या. फलकाचं एक टोक त्यांनी कठड्याला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि पुलावरून चाललेल्या पोस्टमनला हाक मारली. "भाऊ, एक फोटो काढता का?" बाईंचा मोबाइल सरसावून तो इकडेतिकडे बघत थांबला. "बाकीचे येऊ देत, मग काढतो." बाईंनी केस सारखे केले. "काढा हो. आहोत तेवढे आलोय."