पन्नास ग्रॅम

धरणगावात मोठं ग्राहक भांडार उघडलं आणि चंदनबाईंच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक आटलं. बायका आता तिथली साखरेची बंद पाकिटं फक्त तोलून बघायला त्यांच्याकडे यायच्या. प्रत्येक किलोत पन्नास ग्रॅम कमी भरायचे.

एक दिवस वजनमापांचे निरीक्षक आले, हातात भांडारातून आणलेल्या सामानाची पिशवी होती. "बाई, तुमचा तराजू खोटा आहे, अशी भांडाराची तक्रार आहे."

त्यांनी सरकारी वजनं ठेवून तीनदा तपासलं. काटा मधोमध राहिला.

चंदनबाईंनी एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात साहेबांच्याच पिशवीतलं भांडाराचं साखरेचं पाकीट ठेवलं. पाकिटाचं पारडं वर गेलं.

"त्याबद्दल तक्रार आलेली नाही," साहेब म्हणाले.

चंदनबाईंनी आपल्या डब्यातली पन्नास ग्रॅम साखर तोलली, पुडी बांधून त्यांच्या पिशवीत टाकली.

"घ्या साहेब, तुमचा किलो पुरा झाला. आता तुम्ही तरी कशाला तक्रार कराल?"