टॉलिव्हरचा गुडघा

"दुसरा की सतरावा?" केन्ड्राने विचारलं. "पाच वाजता पान छापायला जातंय, लोरेन. मधला एखादा नंबर नाही का तुझ्याकडे?"

"मधला नंबर घाबरटांसाठी असतो."

शुक्रवार होता. चार वाजायला दहा मिनिटं होती. लोरेन पेत्राकची बास्केटबॉलच्या तीस संघांची क्रमवारी एक नाव सोडून तयार होती. ते नाव नेमकं घरच्या संघाचं होतं, पिट्सबर्ग रिव्हेट्सचं.

हंगामाच्या मध्यावर खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत काल दुपारी तीनला संपली. रिव्हेट्सनी तीन तरणे खेळाडू देऊन सात फुटी टॉलिव्हरला आणलं. तो खेळला तर संघ थेट दुसरा. पण त्याच्या डाव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, आणि नवा संघ खेळाडूला डॉक्टरकडून तपासून घेतल्याशिवाय पदरात घेत नाही. डॉक्टरने नाही म्हटलं की सौदा मोडला. मग गेलेले तिघे तोंड फुगवून परत येणार, आणि संघ सतरावा. निकाल सहाला जाहीर होणार होता, म्हणजे पान गेल्यावर तासाभराने.

"वरून निरोप आहे," केन्ड्रा हळू आवाजात म्हणाली. ती संपादक होती, वयाने लोरेनच्या मुलीएवढी. "जानेवारीत तुझे दोन अंदाज चुकले. आज तिसरा चुकला तर सोमवारपासून क्रमवारी कॉम्प्युटर लावेल."

"कॉम्प्युटरला सांग, आधी बावीस वर्षं या खुर्चीत बसून दाखव."

बोलायला ती बोलली खरी. या क्रमवारीखेरीज लोरेनला दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायची इच्छाही नव्हती.

तिची पद्धत साधी होती, शितावरून भाताची परीक्षा. परवाचंच बघा. बुधवारी गसने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हट्टाने तिला आपल्या हॉस्पिटलात नेलं. तीन आठवड्यांचा खोकला, छातीचा फोटो काढून घे म्हणे. ती कुरकुरत गेली. बाहेर पडताना तिला दिसलं की दोन माणसं तपासणीच्या टेबलाला पायाकडून फळी जोडतायत. एवढा लांब माणूस कोण येणार? संध्याकाळी तिने टॉलिव्हर येतोय ही बातमी दिली, ती सगळ्यांच्या आधी. खोकला गेला खड्ड्यात, खेप तर सार्थकी लागली!

आणि आज टॉलिव्हरला तपासणारा डॉक्टर होता गसच.

लग्नात दोघांनी एक नियम केला होता. खेळाडूंच्या तब्येतीबद्दल तिने विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. नियम कधी मोडला नाही. पण माणूस गप्प राहूनही बोलतोच की! सगळं ठीक असलं की गस जेवणावरून भांडायचा. काही वाईट असलं की कशालाही हो म्हणायचा. याच हो-वरून तिने आजवर तीन गुडघे आणि एक खांदा ओळखला होता. याची तिला थोडी लाज वाटायची, पण थोडीच.

तिने फोन लावला.

"रात्री कोबीचं सूप करू का?" गसला कोबीचा वासही सहन होत नसे.



"कर ना. छान होईल."

"कालचंच उरलंय, तेच गरम करते."

"चालेल. तू म्हणशील ते." मग तोच म्हणाला, "मी येतो तुला न्यायला. बर्फ पडतंय."

"गाडी आहे माझ्याकडे."

"असू दे. येतो."

बावीस वर्षांत तो एकदाही न्यायला आला नव्हता. लोरेनने फोन ठेवला. तिचं मन एकदम स्वच्छ झालं.

"सतरावा," ती म्हणाली.

केन्ड्रा बघतच राहिली. "अगं, बाहेर लोक नाचतायत! तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"चुकलं तर मी वाचवू शकणार नाही हं तुला."

"वाचवायला कुणी सांगितलंय, पोरी? पाठव."

चार वाजून छप्पन मिनिटांनी पान गेलं. लोरेन खुर्चीत बसून राहिली. खोकल्याची उबळ आली, ती पाणी प्यायली. सहा वाजले तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीसमोर सगळे उभे होते.

टॉलिव्हर हसत पडद्यावर आला, हातात रिव्हेट्सचा शर्ट घेऊन. गुडघा ठणठणीत होता. उद्याच खेळणार होता.

केन्ड्राने मान खाली घातली. लोरेनचा फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. सगळं शहर तिला एकदमच शिव्या घालत होतं.

काचेचं दार उघडून गस आत आला. टोपीवर बर्फ होतं. सगळ्यांदेखत ती त्याच्यावर ओरडली.

"मला फसवलंस तू! मुद्दाम! तसा आवाज काढलास! बावीस वर्षांची माझी खुर्ची घालवलीस. टॉलिव्हरला काही झालेलं नव्हतं, तर तू हो-ला हो का करत होतास?"

गस तिच्या टेबलापर्यंत चालत आला. त्याने टोपी काढली.

"टॉलिव्हरचं काम माझं सकाळी अकरालाच संपलं, लोरेन."

त्याच्या हातात हॉस्पिटलचं मोठं पाकीट होतं. त्यावर बुधवारची तारीख होती, आणि नाव तिचं.