सहा जीबी

छायाला स्वतःचा एक फोटो काढायचा होता आणि मोबाइल म्हणत होता, जागा नाही. इंदिरानगरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ओवेसने मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं.

"ताई, कार्ड आठ जीबीचं आहे, पण दिसतंय दोनच. कुणीतरी जुनं कार्ड जसंच्या तसं यावर उतरवलंय. म्हणून हे नवं कार्डही स्वतःला जुनंच समजतंय."

"मोबाइल ह्यांनी दिला, लग्नानंतर. कार्डही ह्यांनीच भरून आणलं."

स्क्रीनवर फोटो उघडले. वणीच्या गडाच्या पायऱ्यांवर हिरव्या साडीतली एक बाई. ओट्यापाशी तीच, झोपाळ्यावर तीच.

"बहीण का तुमची?"

"ह्यांची पहिली बायको. दोन वर्षं झाली जाऊन."

ओवेसने माउस हातात घेतला. "थोडे पुसू का? लगेच जागा होईल."

"नको, नको! एकही जायला नको. हे रोज बघतात."

"मग त्यांना हात लावत नाही. बंद पडलेले सहा जीबी तेवढे मोकळे करतो. ते सगळे तुमचे."

दुकानाबाहेर येताच छायाने हात लांब करून स्वतःचा फोटो काढला. कपाळ अर्धं कापलं गेलं होतं, तरी तो ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याने मोबाइल हातात घेतला. रिकामी जागा बघून त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"बरं केलंस गं! तिच्या डोहाळजेवणाची सीडी कपाटात नुसती पडून आहे. आता तीही बसेल यात."