कोरा प्लेअर

पिपरी मेघे गावच्या योगेंद्रनं घरच्या संगणकावर हौसेनं लिनक्स ही वेगळी प्रणाली टाकली होती. त्यावर वडिलांचा, डोमाजींचा, छोटा एमपी-थ्री प्लेअर नुसता दिसायलाच चार दिवस डोकं खपवावं लागलं. आत एकच रेकॉर्डिंग होतं. यंत्र नवं असताना चालतं का पाहायला डोमाजी त्यात बोलले होते, "अवो, दार नोको लावू. मी येऊनच राह्यलो."

ते वारल्यापासून आई रोज दुपारी कानात हेडफोन घालून तेवढंच ऐकायची आणि दार सताड उघडं ठेवून बसायची. योगेंद्रला ते बघवेना. काळजावर दगड ठेवून त्यानं ती फाइल पुसली.

दुसऱ्या दुपारीही आई ऐकतच होती! त्यानं प्लेअर पुन्हा संगणकाला जोडला. मग शोधता शोधता उलगडलं. लिनक्सवरून पुसलेली फाइल प्लेअरमधल्याच एका लपलेल्या कचरापेटीत पडून राहते, आणि हा प्लेअर तिथूनही वाजवतो. हुश्श करून त्यानं ती पेटीही रिकामी केली. आईजवळ मात्र चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या दुपारी दार उघडंच होतं. आईच्या कानात हेडफोन होते आणि ती हळूहळू मान हलवत होती.

"आई, काय ऐकून राह्यली?" त्यानं दबकत विचारलं.



"तुह्ये बाबा रडून राह्यले रे. म्हणतेत, पोरानं मले दोनदा काऊन पुसून टाकलं?"