घाटावरची पाळी

"आज धुणं नगं, अक्का. माघारी जावा."

ईरण्णा घाटाच्या खालच्या पायरीवर बांबू आडवा धरून उभा होता. समोर चंद्रम्मा, डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं. तिच्या मागं नवी सून शैलश्री, काखेत बादली.

"कामून?" चंद्रम्मानं विचारलं.

"पाणी खराब हाय."

चंद्रम्मानं त्याच्या खांद्यावरून बंधाऱ्याकडं पाहिलं. मधोमध मच्छीमार सोसायटीची जाळी लागली होती. थर्माकोलचे पांढरे तुकडे ओळीनं तरंगत होते आणि तीन होड्यांमधली माणसं मासळी काढत होती.

"आमी मासळी खात न्हाई, ईरण्णा. पर डोळे हायत आमाला. तुमी त्याच पाण्यातून मासळी काढायलाव, अन् माझ्या गोधड्या तेवढ्या खराब व्हतेत व्हय?"

ईरण्णानं बांबू तसाच आडवा धरला. काय बोलायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

बंधाऱ्यात मगर होती. पुराबरोबर आली असावी. परवा एक जाळं उभं फाटून निघालं, आणि काल सोसायटीचा अध्यक्ष तिप्पण्णा यानं ती वाळूवर पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. संध्याकाळी सगळे सभासद मारुतीच्या पारावर जमले. जंगल खात्याला कळवलं तर मासेमारी बंद होणार. नदीच्या खालच्या अंगाला एका बंधाऱ्यावर तसंच झालं होतं, आणि तिथली माणसं अजून हैदराबादला बांधकामावर होती. इथं सोसायटीनं पाण्यात सोडलेलं मासळीचं बी आत्ता कुठं वाढून विकण्याजोगं झालं होतं. सोमवारी हुमनाबादहून बर्फाची गाडी येणार होती. गाडी भरून जाईस्तवर तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. तोवर घाटावर कुणाला उतरू द्यायचं नाही म्हणून पाळ्या लावल्या. पहिली ईरण्णाची.

दसऱ्याची धुणी तोंडावर आली आहेत, हे एकाही गड्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सरक बाजूला," चंद्रम्मा म्हणाली. "घट बसायच्या आत घर धुऊन काढायचंय मला."

"घरी बोअरवर धुवा की, अक्का."

"करंट कवा असतोय ते तुला ठाव न्हाई?"

तिनं गाठोडं खाली टाकलं. तेवढ्यात शैलश्री त्याच्या बाजूनं सरकून पाण्यात उतरलीसुद्धा. तिचं माहेर खजुरीच्या कोरड्या मुलखातलं. एवढं पाणी तिनं तिकडं कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं हसत हसत गोधडी पाण्यावर पसरली. गोधडी धारेला लागून पुढं ओढली गेली, तशी तीही मांडीएवढ्या पाण्यात गेली.

ईरण्णानं ओरडावं तर मगरीची बातमी फुटून सगळ्यांच्या पोटावर पाय येणार होता. तो तसाच कपड्यांनिशी पाण्यात शिरला, तिच्या पुढं जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, आणि तिच्याकडं पाठ करून बांबूनं पाणी बडवू लागला.

"अण्णा, काय करायलाव?" शैलश्रीनं विचारलं.

तो आणखी जोरानं पाणी बडवत राहिला.

होडीतून तिप्पण्णानं ते पाहिलं. त्यानं हातातलं जाळं सोडलं आणि होडी घाटाकडं वळवली. काही न विचारता तो ईरण्णाशेजारी पाण्यात उतरला. मागोमाग बाकीच्या होड्या आल्या. एकेक जण उतरला. हातभर अंतरावर सगळ्यांची रांग झाली. बायका एकीकडं, खोल पाणी दुसरीकडं, मधे ही माणसं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळ्यांची नजर पाण्यावर.

चंद्रम्मा पायरीवर बसून गोधडी आपटत होती. तिला वाटलं, मासळी हाकायलेत. एवढ्यात शैलश्रीच्या हातातली गोधडी सुटली आणि रांगेतून पलीकडं वाहत गेली.

"अरे, धरा की ती!" चंद्रम्मा ओरडली.

गोधडी ईरण्णापासून चार हातांवर होती. तो हलला नाही. तिप्पण्णा हलला नाही. भर पुरात होडी घालणारी ती माणसं, एकानंही पाऊल पुढं टाकलं नाही.

चंद्रम्माचा हात थांबला.

"शैला, वर ये."

"आत्या, गोधडी..."

"जाऊ दे ती. वर ये म्हणलं ना!"

शैलश्री चिंब पायांनी पायऱ्या चढली. चंद्रम्मानं तिचा दंड घट्ट धरला.

"काय हाय पाण्यात, तिप्पण्णा?"

तिप्पण्णा पाण्याकडंच बघत राहिला.

"बरं. नगा सांगू. उद्या अख्खं गाव येतंय धुणं घिऊन. संगट लेकरंबी येतेत पवायला. उद्या कितीजण असं हुबं ऱ्हाणार हाव?"

"अक्का," तिप्पण्णा वळून न बघता म्हणाला, "सोमवारी गाडी हाय आमची."

"सोमवार लांब हाय."

तिप्पण्णानं रांगेतल्या माणसांवरून एकवार नजर फिरवली.

"चला बाहेर," तो म्हणाला. "खात्याला फोन लावतो मी."

"अन् मासळी?" ईरण्णानं विचारलं.

तिप्पण्णानं नाही म्हणून नुसती मान हलवली.

पण वळून पाण्याकडं पाठ करायला कुणीच तयार होईना. मग सगळे तसेच, तोंड पाण्याकडं ठेवून, तळ चाचपत एकेक पाऊल मागं सरकू लागले. ईरण्णाची टाच पायरीला लागली आणि त्याचा तोल गेला. मागून चंद्रम्मानं त्याची कॉलर धरली आणि त्याला वर ओढलं.