पार्ट काढायचा ट्रक

लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक आमच्या ह्यांनी लिलावातून घरी आणला, तेव्हा मी गप्प बसले. त्याचे पार्ट कुठेच मिळेनात म्हणून तसलाच दुसरा बंद ट्रक अंगणात आणून उभा केला, तेव्हा मात्र मी बजावलं, "पहिला चालू झाला की हा भंगारात जाणार. मला तिथे कपडे वाळत घालायचेत."

"अगं, हा फक्त पार्ट काढायलाच आहे," हे म्हणाले.

तीन वर्षं ह्यांनी दुसऱ्याचा एकेक चांगला पार्ट काढून पहिल्याला बसवला. पण पहिल्याचा निघालेला खराब पार्ट काही ह्यांच्याने टाकवेना. मग तो घासायचा, पुसायचा, जमेल तसा दुरुस्त करायचा आणि "हरवायला नको" म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या जागी बसवून ठेवायचा. जुनी बॅटरीसुद्धा तशीच, चार्ज करून.

काल पहिला ट्रक धडधडत गल्लीला चक्कर मारून आला. शब्दाला जागून ह्यांनी स्वतः भंगारवाल्याला बोलावलं. मी कपड्यांची दोरी घेऊन तयारच होते. भंगारवाला दुसऱ्या ट्रकमध्ये चढला आणि त्याने सहज म्हणून स्टार्टर दाबला. एका फटक्यात इंजिन चालू!

तो हसत हसत खाली उतरला. "वहिनी, चालू गाडी मी तोडत नाही."

मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला,



"साहेब, आता दोन-दोन ट्रक सांभाळायचेत. असाच एक बंद माझ्याकडे पडलाय, पार्ट काढायला घेता का?"