तक्रार नाही

सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं, "काका, ओठांना मुंग्या येतायत का? बोटांना?"

"छे. ठणठणीत आहे," शिंपीकाका म्हणाले. गळ्यावर कालच्या ऑपरेशनची पट्टी होती, आवाज बसला होता, तरी 'ठणठणीत' त्यांनी ठणकावून म्हटलं.

सिस्टर काही नवखी नव्हती. किडन्या निकामी झाल्या की मानेतल्या तांदळाएवढ्या ग्रंथी फुगत जातात आणि हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात आणतात. त्या काढल्या की हाडं दुष्काळातून आल्यासारखी ते सगळं परत ओढून घेतात. मग मुंग्या, मग पेटके, आणि तरीही माणूस गप्प राहिला तर थेट हृदयावर बेततं.

तिने काकांच्या डाव्या हाताला बोटही लावलं नाही; तो डायलिसिसच्या सुयांचा हात. उजव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच धरून ठेवला; कॅल्शियम उतरलं असेल तर असा दाबलेला हात आपोआप वळतो. हळूहळू काकांचा अंगठा तळव्यात वळला, बोटं ताठ होऊन त्याच्याभोवती गोळा झाली. काका हात चादरीखाली सारायला लागले.

"सवय आहे," ते म्हणाले. "जन्मभर सुई धरली."

"सुई कुठंय, काका?"

पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या काकू पांढऱ्याफटक पडल्या. सलाइनमधून कॅल्शियमचं इंजेक्शन सुरू झालं, काकांच्या छातीला तारा लागल्या. बोटं सैल पडल्यावर काकू पुढे झाल्या.

"सकाळपासून येत होत्या ना मुंग्या? जिवावर बेतलं असतं. मला तरी सांगायचंत."

"सांगितलं की काहीतरी बंद होतं," काका छताकडे बघत म्हणाले. "दम लागतो म्हटलं, पाणी मोजून मिळायला लागलं. अंग खाजतं म्हटलं, दूध बंद. हाडं दुखतात म्हटलं, तर तू माझ्या शिलाई मशीनला खोळ घातलीस. मुंग्या म्हटलं असतं तर घरी जाणं बंद."

नवऱ्याचं पथ्य काकूंनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. हल्ली हे अजिबात कुरकुरत नाहीत, असं त्या शेजारणीला कौतुकाने सांगायच्या. ते का कुरकुरत नाहीत हे आज कळलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरी एवढ्यात जायचं नाहीच," सिस्टर म्हणाली. "पण बंद काही होत नाही, काका. आता उलट कॅल्शियमचं खायचं असतं. दूधसुद्धा. कपभरच, पाण्याच्या मापात धरून."

दूध आलं. काका कप हातात घेऊन बायकोकडे बघत राहिले.

"प्या," काकू म्हणाल्या.

ते घोट घोट प्यायले. कप रिकामा झाल्यावरही त्यांनी तो एकदा तिरका करून पाहिला. मग म्हणाले, "जीभही बधिर आहे. पायांतसुद्धा येतायत मुंग्या. पहाटेपासून."

सिस्टरने इंजेक्शनचा वेग पाहिला, मानेनेच बरं म्हटलं. "असंच सांगत जा. अजून काही?"

"आहे. पण ते तुमच्या खात्यातलं नाही."

सिस्टर हसली आणि पुढच्या पलंगाकडे गेली. काका बायकोकडे वळले.

"डायलिसिसला आत जाताना दर वेळी वाटतं, आपण काही परत बाहेर येत नाही. तू बघत असतेस म्हणून हसत जातो."

काकूंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि स्टूल उशीपाशी ओढलं.

"मलाही तेच वाटतं," त्या म्हणाल्या. "बाहेर बसते तेव्हा मासिक नुसतं हातात असतं, एक ओळ वाचत नाही."